मामांच्या लिव्हरमध्ये सोडलेले मणी

लिव्हरच्या कॅन्सरला टेस (ट्रान्सआर्टेरियल केमोएम्बोलायझेशन, म्हणजे गाठीची रक्तवाहिनी बंद करून तिथंच केमो सोडायची) सांगितलंय, ते नक्की काय असतं, किती दुखतं, पेशंट घरी कधी येतो, असं विचारायला मला हल्ली ओळखीतल्यांचे आणि त्यांच्या ओळखीतल्यांचे फोन येतात. कारण माझ्या मामांचं झालंय, एकदा नाही दोनदा, आणि मी फार्मसीवाली म्हणून घरच्यांनी सगळी फाईल माझ्याच गळ्यात घातली होती. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, तुमच्या पेशंटचं तुमचे डॉक्टरच ठरवणार, मी फक्त आमच्याकडं काय काय झालं आणि मला त्यातलं काय कळलं एवढंच सांगतेय.

मामांना टेसमध्ये औषध भरलेले मणी सोडले, आणि तसा माझा अशा कणांशी संबंध जुना आहे. पुण्यात एम.फार्मला माझा प्रोजेक्टच मायक्रोपार्टिकलचा होता. पीएलजीए नावाचं पॉलिमर असतं, शरीरात हळूहळू विरून त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड होतं, त्याचे बारीक गोल कण करायचे आणि एकाच कणात कॅन्सरवरची दोन औषधं भरायची, एक डॉक्सोरुबिसिन आणि दुसरं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं. डॉक्सो पाण्यात मस्त विरघळतं आणि कर्क्युमिन पाण्याकडं ढुंकून बघत नाही, त्या दोघांना एका कणात नांदवायचं म्हणजे डोक्याला ताप. पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा, त्यात डॉक्सोचं पाणी टाकून होमोजिनायझर फिरवा, ते सगळं परत पीव्हीए नावाच्या पॉलिमरच्या पाण्यात ओता, परत फिरवा, मग रात्रभर स्टररवर ठेवून सॉल्व्हंट उडू द्या. सकाळी येऊन बघावं तर निम्म्याहून जास्त डॉक्सो बाहेरच्या पाण्यात पळालेलं, पाणी लालभडक. आणि जे आत टिकलं ते पण पहिल्याच दिवशी भसाभस बाहेर यायचं, त्याला बर्स्ट रिलीज म्हणतात. एनसीसीएस या पुण्यातल्या पेशी-संशोधन संस्थेकडून घेतलेल्या लिव्हर कॅन्सरच्या पेशींवर मात्र दोन्ही औषधं मिळून झकास चालायची, ग्राफ अगदी छापण्यासारखे. व्हायवा झाला, थीसिस बाइंड होऊन लायब्ररीत गेला, मी नोकरीला लागले आणि कण बिण सगळं विसरले.

मग मामांचं निघालं.

मामा इचलकरंजीचे, आयुष्यभर लूमवर काम केलं, आता साठी ओलांडलीय. शुगर आहे पण गोळीवर आटोक्यात. पोट जड वाटतंय, भूक नाही, वजन उतरलंय म्हणून गावात सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये गाठ. रक्त तपासलं तर हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, आणि लिव्हर आधीच खरबरीत झालेलं, सिरॉसिस. मामांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सगळ्या गल्लीला वाटणार की हा लपून प्यायचा. "बाळ, मी आयुष्यात थेंब नाही घेतला गं, वरातीत सुद्धा सोडा पिऊन नाचलोय," असं मला फोनवर सांगत होते. डॉक्टरांनी नंतर समजावलं की हिपॅटायटिस बी ज्यांच्या अंगात कायमचा मुक्काम करतो त्यांना तो बहुतेक वेळा जन्मताना आईकडून नाहीतर अगदी लहानपणी लागलेला असतो, चाळीस पन्नास वर्षं गुपचूप बसतो आणि मग असा वर येतो. त्याचा दारूशी काही संबंध नाही. हे वाक्य मी मामांच्या समोर, मामींच्या समोर आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर मोठ्यानं म्हणत होते.

मामांना पुण्यात आणलं. तिथं ट्रायफेजिक सीटी केला, म्हणजे डाय सोडून तीन वेळेला फोटो. लिव्हरची गाठ आधीच्या फोटोत एकदम चमकते आणि नंतरच्या फोटोत आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळपट दिसते. सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात हे असं चित्र टिपिकल दिसलं की हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे लिव्हरचा स्वतःचा कॅन्सरच धरतात, सुई घालून तुकडा काढायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. आमच्या नातेवाईकांना हे पटेचना, बायोप्सी न करता कॅन्सर कसा म्हणतात, दुसरीकडं दाखवूया. दाखवलं. दुसऱ्यांनी पण तेच सांगितलं. दोन गाठी होत्या, मोठी साडेपाच सेंटीमीटर आणि एक साडेतीनच्या आसपास. पोर्टल व्हेन (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) मोकळी, पोटात पाणी नाही, लिव्हरबाहेर कुठं पसरलेला नाही.

सर्जरी का नाही, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. सिरॉसिसवाल्या लिव्हरमधून मोठा भाग कापला तर उरलेलं लिव्हर माणसाला पुरत नाही. ट्रान्सप्लांटला मिलान क्रायटेरिया म्हणून एक माप आहे, 1996 पासून जगभर वापरतात, एकच गाठ असेल तर 5 सेंटीमीटरपर्यंत, नाहीतर जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक 3 च्या आत. मामा दोन्हीकडून बाहेर. गाठी लहान करून मग त्या मापात बसवता येतात का असा पण एक रस्ता असतो, पण वय, शुगर, देणारा कोण, पैसे, या सगळ्याचा विचार करून तो विषय मामांनीच बंद केला, पोराचं लिव्हर घेणार नाही म्हणाले आणि उठून बाहेर जाऊन बसले.

तर मग उरलं टेस. तिथल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी (हे एक्स-रे वाचणारे नाहीत, हे तार घालून आतून काम करणारे डॉक्टर) कागदावर चित्र काढून सांगितलं. लिव्हरला रक्त दोन ठिकाणाहून येतं, साधारण 75 टक्के पोर्टल व्हेनमधून आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीमधून. पण ही कॅन्सरची गाठ आपलं पोट जवळजवळ पूर्ण आर्टरीवरच भरते. म्हणजे गाठीकडं जाणारी आर्टरीची फांदी बंद केली तर गाठ उपाशी मरते आणि बाकीचं लिव्हर पोर्टलच्या रक्तावर तगून राहतं. आणि बंद करतानाच त्या फांदीत केमो सोडली तर ती तिथंच अडकून राहते. मामांना हे एका झटक्यात कळलं, "म्हणजे पाट बांधायचा, पण बांधायच्या आधी औषध आत सोडायचं." डॉक्टर हसले, म्हणाले अगदी बरोबर.

ही पद्धत नवीन नाही. आधीपासून चालणाऱ्या टेसमध्ये केमो लिपिओडॉलमध्ये घोटून सोडतात, ते खसखशीच्या तेलात आयोडीन घालून केलेलं असतं, आणि मागून आर्टरी बंद करतात. 2002 मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग अशा दोन ठिकाणचे अभ्यास आले, तोपर्यंत याने माणूस जास्त जगतो का हे धड सिद्ध झालं नव्हतं. बार्सिलोनावाल्यांच्यात दोन वर्षांनी टेस केलेल्यांपैकी 63 टक्के हयात होते आणि न केलेल्यांपैकी 27 टक्के. अर्थात निवडून घेतलेले, लिव्हर बऱ्यापैकी शाबूत असलेले पेशंट. हा निवडून घेतलेले शब्द लक्षात ठेवा, त्यावर परत येते.

आम्हाला सुचवलं ते डेब-टेस, म्हणजे तेलाऐवजी औषध भरलेले मणी. आणि इथं माझे कान टवकारले, कारण औषध कुठलं तर डॉक्सोरुबिसिन. मी डॉक्टरांना म्हणलं सर मी हेच केलंय कॉलेजात, पीएलजीएमध्ये. ते म्हणाले हे पीएलजीए नाही, पीव्हीएचं हायड्रोजेल आहे, आणि औषध आत कोंडलेलं नसतं, चिकटलेलं असतं. मग मी घरी येऊन रात्री वाचत बसले. त्या मण्यांच्या आत सल्फोनेट असतात, त्यांच्यावर ऋण भार. डॉक्सोवर धन भार. दोघं एकमेकांना धरून बसतात. होमोजिनायझर नाही, सॉल्व्हंट नाही, काही नाही, मण्यांच्या बाटलीतलं पाणी काढायचं, डॉक्सोचं द्रावण घालायचं, हलवून ठेवून द्यायचं, तास दोन तासात जवळपास सगळं औषध मण्यात. मी दोन सेमिस्टर ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते यांनी एवढ्या साध्या रसायनावर सोडवलेलं बघून थोडा राग पण आला खरं सांगायचं तर.

अजून एक गंमत. मणी औषधाला धरून बसतात ते मिठाचं पाणी मिळेपर्यंतच. सलाईनमधला सोडियम आला की तो डॉक्सोची जागा घेतो आणि डॉक्सो सुटायला लागतं. रक्तात पण मीठ आहेच, म्हणूनच आत गेल्यावर औषध हळूहळू सुटतं. पण याचाच अर्थ असा की आत सोडायच्या आधी हे मणी सलाईनमध्ये पातळ करायचे नाहीत, नाहीतर औषध सिरिंजमध्येच सांडणार. आयनवाला नसलेला कॉन्ट्रास्ट डाय वापरून करतात, म्हणजे पडद्यावर मणी कुठं चाललेत ते पण दिसतं.

मणी 100 ते 300 मायक्रॉनचे. माणसाचा केस 70-80 मायक्रॉन धरला तर बारक्यातला बारका मणी पण केसापेक्षा जाड. माझे कॉलेजातले कण 10-20 मायक्रॉनचे होते आणि आम्हाला त्याचाच केवढा अभिमान, जितकं बारीक तितकं भारी असं डोक्यात बसलेलं. इथं ते चाललेच नसते. इतके बारीक कण ट्यूमरमधल्या आडवाटांनी शिरेत घुसून फुफ्फुसात जाऊन बसू शकतात.

आता तेलवालं बरं की मणीवालं. मणीवालं बऱ्यापैकी महाग आहे, त्यामुळं घरात यावरून दोन तट पडले. मी जे वाचलं ते असं की 2010 मध्ये प्रिसिजन फाइव्ह नावाचा अभ्यास आला, सहा महिन्यांनी गाठीनं दाद दिली असे मणीवाल्यांच्यात 52 टक्के आणि तेलवाल्यांच्यात 44 टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या हिशोबानं पक्का धरता येण्याएवढा नव्हता. म्हणजे मणी जास्त मारतात असं छातीठोक कुणी म्हणू नये. पण लिव्हरला होणारा त्रास आणि डॉक्सोचे अंगभर होणारे त्रास, केस जाणं वगैरे, मणीवाल्यांच्यात कमी होते. मामांचं लिव्हर काठावरचं, म्हणून आम्ही मणी घेतले. तुमच्या पेशंटचं लिव्हर ठणठणीत असेल आणि पैशाची ओढाताण असेल तर तेलवालं घेतलं म्हणून काही कमी केलं असं होत नाही, हे माझं मत.

किरणोत्सारी मण्यांचं पण विचारलं होतं, वाय-90 म्हणजे यिट्रियम-90 चं. ते अजून बारीक, 20-30 मायक्रॉनचे काचेचे कण, त्यात औषध नसतं, रेडिएशन असतं, आणि निम्मं रेडिएशन साधारण 64 तासात संपतं. आपल्या बीएआरसीने पण देशी बनवलेत. त्याच्या आधी फुफ्फुसात किती गळती होते हे बघायला वेगळा स्कॅन करावा लागतो. आमच्या बाबतीत त्याचं गणित जमलं नाही, ते सोडून देते.

इन्शुरन्सबद्दल एकच. प्रीऑथला, म्हणजे आधीच्या मंजुरीला पाठवलं तर उलटा सवाल आला की ही केमोथेरपी आहे का सर्जरी. दोन्ही आहे आणि दोन्ही नाही, आता काय सांगायचं! डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घेऊन जोडलं, त्यात प्रोसिजरचं पूर्ण नाव, मण्यांची वेगळी किंमत आणि दुसरं काही का करता येत नाही ते लिहिलेलं होतं, मग मंजूर झालं. हे पत्र आधीच मागून ठेवा.

ॲडमिट व्हायच्या आधी टेस्टांचा ढीग. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), या तीन आणि पोटातलं पाणी आणि डोक्याचं भान, अशा पाच गोष्टींवरून चाइल्ड-प्यू नावाचा स्कोअर काढतात, ए, बी, सी. मामा ए मध्ये होते, ए च्या शेवटच्या टोकाला. डॉक्टर गाठीच्या साईजपेक्षा या स्कोअरकडंच जास्त वेळ बघत होते. तेव्हा मला ते निवडून घेतलेले पेशंट म्हणजे काय ते कळलं. आर्टरी बांधल्यावर थोडंफार चांगलं लिव्हर पण मरतंच, ते मरणं सोसायची ताकद उरलेल्या लिव्हरमध्ये असली पाहिजे, नसेल तर गाठ मरेल आणि माणूस पण जाईल. कॉलेजात आम्ही चार वेळा कणाचा व्यास मोजायचो, कण किती गोल आहे, किती औषध भरलंय, किती सुटलंय. पेशीच्या ताटलीत सिरॉसिस नसतो ना. तिथं फक्त मारायचं असतं, वाचवायचं काही नसतं.

क्रिएटिनिन बघतात कारण डाय किडनीला जड जातो, मेटफॉर्मिन, शुगरची गोळी, बंद करायला सांगितलं होतं, टू-डी इको केला कारण डॉक्सो हृदयाला लागतं. आणि एन्टेकाव्हिर, हिपॅटायटिस बी ची गोळी, ती टेसच्या आधीच सुरू केली. केमोने हा व्हायरस परत उसळू शकतो, त्यामुळं ही गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही.

त्या दिवशी सकाळी मी कॅथलॅबच्या बाहेर उभी होते तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावून भरलेली बाटली दाखवली, फार्मसीवाली म्हणून. मणी मुळात निळसर असतात. औषध प्यायले की लाल होतात. तळाला बसलेला लालजर्द थर, वरचं पाणी जवळजवळ नितळ. वरचं पाणी नितळ! मी त्या बाटलीकडं बघतच राहिले, आमच्या फ्लास्कमधलं पाणी कधीच असं दिसलं नाही. एका बाटलीत 75 मिलिग्रॅम डॉक्सो. हेच डॉक्सो शिरेतून द्यायचं झालं तर मामांच्या वजनाच्या माणसाला एका वेळी शंभर मिलिग्रॅमच्या आसपास जाईल आणि ते डोक्याच्या केसापासून हृदयापर्यंत सगळीकडं फिरून मग थोडंसं गाठीपर्यंत पोचेल.

प्रोसिजर पूर्ण भूल देऊन नसते. जांघेत जागा बधिर करतात, थोडं गुंगीचं औषध, आणि फेमोरल आर्टरीतून तार वर चढवतात. पोटातल्या मोठ्या आर्टरीतून हिपॅटिकमध्ये, तिथून आतल्या फांद्यांमध्ये एक अजून बारीक, दोऱ्यासारखी मायक्रोकॅथेटर. मधेमधे डाय सोडून फोटो. हे नंतर डॉक्टरांनी सीडीवर दाखवलं, गाठ म्हणजे नुसता चमकणारा गुंता, आणि तिच्याकडं जाणाऱ्या दोन फांद्या. तिथंच टेबलवर सीटीसारखा फिरता फोटो पण काढतात, पित्ताशयाकडं किंवा जठराकडं जाणारी फांदी चुकून यात येत नाहीये ना हे बघायला, कारण मणी तिकडं गेले तर तिथं अल्सर नाहीतर सूज. मग मणी अगदी सावकाश, मिनिटाला मिलिलिटरभर अशा बेतानं. फांदीतला डाय पुढं सरकायचा जवळजवळ थांबला की बस. जोरात ढकललं तर मणी उलटे वळून नको तिकडं जातात. मामा म्हणत होते मला मधे सगळं ऐकू येत होतं, शेवटी शेवटी उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळतंय असं वाटलं, मग त्यांनी आणखी काहीतरी दिलं आणि झोप लागली.

बाहेर आल्यावर पाय सरळ ठेवून पडून राहायचं, सहा तास. मामांना पोटापेक्षा याचाच वैताग. दुसऱ्या वेळेला मनगटातून केलं तेव्हा हा त्रास वाचला, विचारून बघा तुमच्याकडं मनगटातून करतात का, सगळ्यांच्या आर्टरीला ते जमतंच असं नाही.

आता खरा भाग, जो आम्हाला कुणी नीट सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल पण सही करायच्या घाईत डोक्यात शिरला नसेल. त्या रात्री ताप. 101, मग 102. उजवीकडं दुखणं, मळमळ, पाणी पण नको. मामी रडायला लागल्या, इन्फेक्शन झालं, काहीतरी चुकलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की याला पोस्ट-एम्बोलायझेशन सिंड्रोम म्हणतात, गाठीचा मोठा भाग एकदम मेला की शरीर असं रिॲक्ट होतं, बऱ्याच जणांना होतं, काही दिवस चालतं, आठवडाभर पण चालू शकतं. पेनकिलर, उलटीचं औषध, सलाईन. हिरवा कंदील कधी आणि लाल कधी हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलं. ताप हळूहळू उतरत असेल तर चालेल. उतरून परत थंडी वाजून चढला, डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, माणूस बडबडायला लागला किंवा गुंगीत गेला, काळी शी झाली, तर एक मिनिट घरी थांबायचं नाही. मेलेल्या गाठीत पू होऊ शकतो, लिव्हर फेल जाऊ शकतं. आमच्याकडं तसं काही झालं नाही. एसजीओटी, एसजीपीटी, हे लिव्हरचे एन्झाइम, हजारात गेले आणि आले खाली. बिलिरुबिन थोडं चढलं, त्याच्याकडं मात्र सगळे डोळे लावून बसलो होतो, ते पण उतरलं. केस एक पण गेला नाही. जेवण मात्र पूर्ववत व्हायला वेळ लागला, मामी पातळ भात आणि मुगाचं वरण घेऊन मागं मागं आणि मामा "ठेव तिथं, खातो" म्हणत भिंतीकडं तोंड.

महिना सव्वा महिन्यांनी परत सीटी. रिपोर्ट हातात आला, थोरल्या मामेभावानं गाडीतच वाचला आणि मला फोन, "ताई, गाठ तेवढीच आहे, साडेपाचच्या साडेपाच, पैसे पाण्यात." हे मी मुद्दाम सविस्तर सांगतेय कारण फोन करणारे निम्मे लोक इथंच अडकलेले असतात. टेसनंतर गाठीची बाहेरची साईज लगेच कमी होईलच असं नाही. मेलेली गाठ पण गाठच दिसते, जागा अडवून बसलेली. बघायचं असतं ते डाय दिल्यावर तिचा कुठला भाग अजून चमकतोय, कारण जिथं चमक तिथं रक्त आणि जिथं रक्त तिथं जिवंत कॅन्सर. मोजमाप त्या जिवंत भागाचंच करतात. मामांच्या मोठ्या गाठीचा बहुतेक भाग विझलेला होता, एका कडेला चंद्रकोरीएवढी चमक राहिली होती. लहान गाठ पूर्ण विझलेली. एएफपी, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रोटीन, ते पण बरंच खाली आलं होतं. त्या उरलेल्या कडेसाठी दुसरं सेशन झालं, कमी मणी लागले, ताप पण कमी आला.

दुसऱ्या सेशनच्या आधी माझ्या डोक्यात परत थीसिस वळवळायला लागला. एकाच्या जोडीला दुसरं औषध दिलं तर? हा प्रश्न मोठ्या लोकांनी आधीच विचारलेला आहे आणि उत्तर सुरुवातीला फार वाईट आलं. कल्पना पटण्यासारखी होती. आर्टरी बांधली की गाठ गुदमरते, आणि गुदमरलेली गाठ व्हीईजीएफ नावाचा संदेश पाठवून नवीन रक्तवाहिन्या मागवते. मग तो संदेशच अडवणारी गोळी, सोराफेनिब, टेसच्या बरोबर द्यायची. स्पेस नावाच्या अभ्यासात हेच डॉक्सोचे मणी आणि जोडीला सोराफेनिब दिलं. गाठ परत वाढायला लागेपर्यंतचा काळ, गोळीवाल्यांच्यात 169 दिवस आणि नुसत्या टेसवाल्यांच्यात 166. तीन दिवस! कागदावर एवढं चपखल बसणारं आणि माणसात तीन दिवस. मी ते वाचून माझ्या त्या छापण्यासारख्या ग्राफांची आठवण काढून एकटीच हसले.

पण गोष्ट तिथं संपली नाही. आता जोडीला इम्युनोथेरपी आलीय. गाठ मेली की तिचे तुकडे रक्तात येतात, ते बघून आपली प्रतिकारशक्ती जागी होते, आणि त्याच वेळी तिच्या पायातली बेडी काढणारं औषध दिलं तर ती उरलेल्या कॅन्सरवर तुटून पडेल असा विचार. 2024 मध्ये एमराल्ड-1 नावाच्या अभ्यासाचे आकडे आले, टेस, जोडीला दुर्व्हालुमॅब (इम्युनोथेरपी) आणि बेव्हासिझुमॅब (व्हीईजीएफ अडवणारं), गाठ न वाढता 15 महिने, नुसत्या टेसमध्ये 8.2. त्याच वर्षी लीप-012 हा अभ्यास, तिथं टेसच्या जोडीला लेनव्हाटिनिब (हे पण व्हीईजीएफ अडवणारं) आणि पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपी), 14.6 विरुद्ध 10 महिने. हे गाठ थांबून राहिल्याचे महिने आहेत, आयुष्य तेवढंच वाढलं असा त्याचा अर्थ लावू नका, व्हॉट्सॲपवर तसाच फिरतो. आणि त्यातला क्रम मला महत्त्वाचा वाटला, एमराल्डमध्ये बेव्हासिझुमॅब टेस चालू असताना देत नव्हते, शेवटचं टेस झाल्यावर सुरू करायचे. म्हणजे दोन औषधं एका कणात भरून एकदम सोडायची, ही आमची कॉलेजातली कल्पना, तिच्यापेक्षा कुठलं आधी आणि कुठलं किती दिवसांनी यालाच जास्त किंमत आहे असं मला आता वाटतं.

आम्ही ट्यूमर बोर्डाला, म्हणजे वेगवेगळ्या डॉक्टरांनी मिळून केस ठरवतात त्या मंडळाला विचारलं. बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळं आधी एंडोस्कोपी. सिरॉसिसवाल्यांच्या अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतात, मामांच्या निघाल्याच, दोन ठिकाणी बँड मारावे लागले. मग खर्चाचं बोलणं झालं. दर तीन आठवड्यांनी, किती काळ कोण जाणे, आकडा ऐकून मामी गप्प आणि मामा म्हणाले त्यात धाकट्याचं घर होतंय. डॉक्टरांनी पण जबरदस्ती केली नाही. आत्ता चमक कुठंच नाहीये, लिव्हर अजून ए मध्ये आहे, तर लक्ष ठेवू, परत चमक दिसली तर तेव्हा आधी लिव्हर बघू आणि मग ठरवू, परत मणी का इंजेक्शन. एका गोष्टीबद्दल त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलंय की टेस वर टेस करत बसायचं नाही. दोनदा करून गाठ दाद देत नसेल तर तिसऱ्यांदा तेच करून लिव्हर घालवण्यापेक्षा वेळेत औषधांकडं वळायचं. काही ठिकाणी पाच पाच सहा सहा वेळा करतात असं ऐकते, तिथं प्रत्येक वेळेला चाइल्ड-प्यू काय होता हे नक्की विचारा.

मणी अजून आतच आहेत आणि आतच राहणार, हे पीएलजीएसारखे विरत नाहीत. औषध संपून नुसते पडून. मामांना याचं फार कौतुक, आलेल्या पाहुण्याला बरगडीखाली बोट ठेवून सांगतात इथं परदेशी मणी आहेत म्हणून.

राहिलं घरातल्यांचं. मामांचं निघाल्यावर सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी केली. मामी निगेटिव्ह, धाकटा निगेटिव्ह, दोघांना लस दिली, तीन डोस. थोरला पॉझिटिव्ह निघाला. त्याला काहीच त्रास नाही, त्यामुळं त्याला ते खरंच वाटत नाही. त्याच्या बायकोला लस दिली, आणि मूल झालं तेव्हा त्याला जन्मल्या जन्मल्या 24 तासांच्या आत लस दिलेली होती सरकारी दवाखान्यात, कार्डावर नोंद सापडली, तपासलं तर बाळ निगेटिव्ह. थोरल्याला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी सांगितलंय, कारण गाठ दोन सेंटीमीटरची असताना सापडली तर कापून किंवा जाळून संपवता येते, मण्यांपर्यंत जावंच लागत नाही. पहिली केली. दुसरीची तारीख गणपतीत येतेय आणि तो आत्तापासून म्हणतोय की गणपती झाल्यावर बघू, मामांनी त्याला सांगितलंय की मूर्ती आणायला तू येऊ नकोस, आधी सोनोग्राफी करून ये.